सुरीला धार लावण्यासाठी कोणता दगड घ्यावा?

भरल्या वांग्यांची वांगी चिरताना सुरीची खरी परीक्षा होते. कृष्णाकाठच्या कोवळ्या वांग्याचा देठ तसाच ठेवायचा असतो, बुडाकडून अधिकच्या चिन्हासारख्या दोन चिरा द्यायच्या असतात आणि त्या देठाच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबवायच्या असतात. पात्याला धार असेल तर ते सालीवर टेकताच आत उतरते आणि जिथे थांबवावे तिथे थांबते. धार गेलेली असेल तर साल आधी दबते, मग एकदम फाटते, आणि जोर लावलेला हात पुढे जाऊन वांग्याच्या चार फोडी होतात. कांद्याचेही तसेच आहे. बोथट पाते कांदा चिरत नाही, चेंगरते. चेंगरलेल्या पेशींतून डोळ्यांना झोंबणारा वायू अधिक सुटतो आणि धारेचा दोष आपण कांद्याला देतो.

धार लावायचा दगड घ्यायला निघालेले बहुतेक जण सर्वांत चांगला दगड कोणता, हे विचारतात. सांगलीत गेली अनेक वर्षे घरच्या सुऱ्या आणि विळी मी स्वतः धारेला लावते, आणि त्या अनुभवावरून मला वाटते की आधी दुसरे दोन प्रश्न विचारायला हवेत. आपल्या घरातले पाते कोणत्या पोलादाचे आहे, आणि आणलेल्या दगडाची निगा आपण किती राखणार आहोत? या दोहोंची उत्तरे मिळाली की दगड जवळजवळ आपोआप ठरतो.

धार म्हणजे पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे मिळतात ती रेघ. ती रेघ झिजून गोलसर झाली किंवा एका अंगाला कलली की सुरी बोथट झाली असे आपण म्हणतो. दगडाचे काम दोन्ही बाजूंचे पोलाद खरवडून ती रेघ पुन्हा बारीक करण्याचे आहे, आणि त्यासाठी दगडातला कण पोलादापेक्षा स्पष्टपणे कठीण असावा लागतो. हीच गोष्ट आपल्या भागात अडचणीची ठरते. सांगली-साताऱ्याकडे दगडाला तोटा नाही, पण तो दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यातल्या खनिजांची कठीणता १ ते १० अशा मोहस मापावर ६ च्या आसपास भरते आणि पाणी दिलेले, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेले, पोलादही साधारण तेवढेच कठीण असते. म्हणून पायरीच्या कडेवर किंवा पाट्याच्या काठावर सुरी घासली की ती थोडी सरळ होते, थोडी चकाकते आणि दोन दिवसांनी पुन्हा होती तशी होते. पाट्याला नुकतीच टाकी लावलेली असेल तर उलट पात्यालाच खाचा पडतात. आमच्या आजीच्या वेळी विळी पायरीवर घासत असत, कारण जवळ दुसरे काही नव्हते. आज तसे करण्याचे कारण उरलेले नाही. अगदीच नड असेल तर लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत, चकाकी नसलेली कड पायरीपेक्षा पुष्कळ चांगले काम देते.

बाजारातले दगड

हार्डवेअरच्या दुकानात धारेचा दगड मागितला की बहुतेक वेळा हातात पडतो तो सहा इंच लांब, दोन इंच रुंद, काळसर-करडा, एका अंगाला जाड आणि दुसऱ्या अंगाला त्याहून बारीक कण असलेला कार्बोरंडमचा दगड. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी १८९१ च्या सुमारास कृत्रिम हिरा करण्याच्या प्रयत्नात माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले, तेव्हा हा पदार्थ त्यांच्या हाती लागला. तो कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा अशा समजुतीने त्यांनी हे नाव दिले. त्यातला कोरंडम हा शब्द मूळचा आपल्याकडचाच आहे. संस्कृतातले कुरुविंद, तमिळमधले कुरुंदम आणि मराठीतला कुरुंद ही त्याचीच रूपे, आणि माणिक व नीलम हे रत्नांच्या दर्जाचे कुरुंदच होत. कुरुंदाची कठीणता ९ आहे, कार्बोरंडमची त्याहून किंचित अधिक.

हा दगड स्वस्त असतो, हॉटेलातल्या एका थाळीच्या आसपासच्या पैशांत येतो, आणि त्याला कमी लेखू नये. पात्याला खाच पडली असेल, टोक मोडले असेल किंवा कोयता-विळ्याला धार लावायची असेल तर तो झपाट्याने काम करतो. त्याची मर्यादा एवढीच की त्याची बारीक बाजूसुद्धा स्वयंपाकाच्या सुरीच्या मानाने जाडच असते. साधारण २४० ते ३२० नंबरच्या कणांनी (नंबर लहान तितका कण जाड) काढलेली धार खडबडीत राहते. मटणावर ती चांगली चालते, टोमॅटोवरही चालते, पण कोथिंबीर चिरताना पाने काळी पडतात. स्वस्त दगडांत कण धरून ठेवणारा लुकणही एकसारखा नसतो, त्यामुळे दगड मधेच मऊ आणि मधेच टणक लागतो. घेताना तो उन्हात तिरपा धरून पृष्ठभाग पाहावा आणि नखाने कोपरा खरवडावा. कण सहज सुटून येत असतील तर दुसरा मागावा.

दुसरा प्रकार पाण्यावर चालणारा, ज्याला वॉटरस्टोन म्हणतात. मूळचा हा जपानी प्रकार असून पूर्वी क्योटोच्या आसपासच्या खाणींतले नैसर्गिक दगड त्यासाठी नावाजलेले होते. आज मिळणारे बहुतेक कारखान्यात केलेले, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचे असतात. या दगडाचे वैशिष्ट्य असे की त्याची बांधणी मुद्दाम मऊ ठेवलेली असते. पाते घासताना वरचे झिजलेले कण सुटतात आणि खालचे नवे, तीक्ष्ण कण वर येतात. म्हणून तो शेवटपर्यंत कापत राहतो. सुटलेले कण, पाणी आणि पोलादाचा चुरा मिळून दगडावर राखाडी चिखल तयार होतो, सहाणेवर गंध उगाळल्यावर दिसतो तसाच. नवशिक्या माणसाला तो घाण वाटतो आणि तो वारंवार धुऊन टाकतो. तसे करू नये. तो चिखलच धारेला गुळगुळीतपणा देतो. फक्त सुकू लागला की बोटाने दोन-चार थेंब पाणी शिंपडावे.

हातात सर्वांत सुखद लागणारा दगड हाच, आणि सर्वांत लाडाचा दगडही हाच. मऊ असल्यामुळे त्याला मध्यभागी खळगा पडतो. काही दगड पाच-दहा मिनिटे, म्हणजे बुडबुडे येणे थांबेपर्यंत, पाण्यात बुडवून ठेवावे लागतात. काहींना नुसते वरून पाणी पुरते, आणि मॅग्नेशियाच्या बांधणीचे दगड तर पाण्यात पडून राहिले तर खराब होतात. म्हणून खोक्यावरची सूचना वाचल्याशिवाय दगड बादलीत टाकू नये. यावर तेल कधीही घालू नये. आमच्या घरी पहिला असा दगड आणला तेव्हा लोखंडाला तेल लागतेच या समजुतीने एका पाहुण्याने त्यावर घाण्याचे शेंगदाणा तेल ओतले. ते छिद्रांत मुरले, महिनाभरात चिकट झाले आणि त्यानंतर त्या दगडाने पाणी कधी धरले नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल ही सारी खाद्यतेले हवेने घट्ट होऊन राळेसारखी बसतात. तेलावर चालणारे दगड वेगळे असतात. त्यांनाही शिवणयंत्राचे पातळ खनिज तेलच द्यावे. घरच्या सुरीसाठी मात्र तेलाचा दगड मुद्दाम घेण्याची गरज मला वाटत नाही, कारण तो संथ आहे आणि धार लावल्यावर पाते साबणाने धुणे आलेच.

तिसरा प्रकार म्हणजे डायमंड प्लेट. पोलादी पट्टीवर हिऱ्याचे कण निकेलच्या थराने पक्के बसवलेले असतात. हिऱ्याची कठीणता १०, त्यामुळे कोणतेही पोलाद तो कापतो. सिरॅमिकच्या सुरीला तर हिऱ्याशिवाय गत्यंतर नाही. ही पट्टी भिजवावी लागत नाही, तिला खळगा पडत नाही, हातून पडली तरी फुटत नाही. कामावर जाणाऱ्या माणसाला रविवारी दहा मिनिटांत चार सुऱ्या उरकायच्या असतील तर तिच्यासारखी सोय नाही. पण तिच्यावर कणांचा एकच थर असतो. तो गेला की पट्टी संपली, आणि तो लवकर घालवण्याचा हमखास मार्ग म्हणजे जोर देऊन घासणे. नवी पट्टी पहिल्या काही वेळांना फार खरखरीत कापते. तेवढ्यावरून ती वाईट ठरवू नये.

आर्कान्सासचा नैसर्गिक दगड किंवा बेल्जियममधला गार्नेटचे कण असलेला पिवळसर दगड यांची नावे ऐकू येतात. ते सुंदर असतात, महाग असतात आणि डाळ-भाजीच्या स्वयंपाकघराला आवश्यक नसतात. ओढून धार लावायच्या चिमट्यासारख्या साधनाबद्दल एवढेच सांगते की ते पोलाद ओरबाडते, आणि चांगली सुरी त्यात घालू नये.

सायकलवर चाक लावून फिरणाऱ्या कारागिराचा प्रश्न मात्र विचारपूर्वक पाहायला हवा. त्याचा हात वर्षानुवर्षांचा असतो, आणि कोयता, अडकित्ता, जाड विळी यांसाठी त्याच्याकडे जरूर जावे. पातळ सुरी कोरड्या वेगवान चाकावर धरली की ठिणग्यांबरोबर धारेची कड क्षणात तापते. साध्या पोलादावर निळसर डाग दिसला म्हणजे तिथले तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि पात्याचे पाणी उतरले असे समजावे. मग तेवढा भाग कितीही घासला तरी धार धरत नाही. पातळ सुरी द्यायचीच असेल तर चाकावर पाणी सोडायला आणि पाते मधूनमधून बुडवायला आग्रहाने सांगावे.

नंबर कसे वाचावेत

दगडावरचा नंबर जितका मोठा तितका कण बारीक. जपानी मापाच्या १००० नंबरच्या दगडातला कण साधारण ११ ते १५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. मात्र सर्वांची मापे एक नाहीत. युरोपीय मापाच्या पी १००० पॉलिश पेपरचा कण सुमारे १८ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे दोन वेगळ्या देशांच्या पद्धतींतले आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होते. खोक्यावर मायक्रॉन छापलेले असतील तर तोच आकडा धरावा.

आता पोलादाकडे येऊ. आपल्याकडच्या साध्या स्टेनलेस सुऱ्या पोलादाची कठीणता सांगणाऱ्या रॉकवेल सी मापावर साधारण ५२ ते ५६ भरतात, जर्मन धाटणीच्या ५६ ते ५८, आणि जपानी धाटणीच्या ६० किंवा त्याहून वर. मऊ पोलादाला ६००० नंबरची आरशासारखी धार दिली तरी ती दोन-तीन दिवसांत बसते, आणि असेपर्यंतही टोमॅटोच्या सालीवरून घसरते. सालीत शिरायला धारेला सूक्ष्म दाते असावे लागतात आणि ते ८०० ते १००० नंबरचा दगडच ठेवतो. म्हणून साध्या स्टेनलेस सुऱ्या असणाऱ्यांनी १००० नंबरचा एक दगड घ्यावा आणि तिथेच थांबावे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांच्याकडे ६० च्या वरचे पोलाद आहे त्यांनी पुढे ३००० चा दगड जोडावा. तिथे तो पैसा सार्थकी लागतो.

दगडावर हात कसा चालवावा

दगडाखाली ओले, पिळलेले फडके घालावे म्हणजे तो सरकत नाही. पात्याचा कोन साध्या सुरीसाठी दोन्ही बाजूंना २० अंशांच्या आसपास असावा. कोन डोळ्यांना कळत नाही, पण उंची कळते. पाते साडेचार सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून दीड सेंटिमीटर उचलावी. दोन सेंटिमीटर रुंदीच्या छोट्या सुरीची पाठ जेमतेम सात मिलिमीटर. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश मिळतात. तो तुकडा सुरुवातीला शेजारी उभा ठेवावा. आणखी खात्री हवी असेल तर धारेच्या उतारावर मार्करने शाई लावून दोन हात फिरवावेत. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर पाते फार खाली झुकले आहे, फक्त धारेच्या रेघेजवळची गेली तर फार उचलले आहे, आणि सगळी गेली तर कोन जमला.

उजव्या हाताने मूठ धरावी, डाव्या हाताची दोन बोटे पात्यावर, जो भाग दगडावर आहे त्याच्या वर टेकवावीत आणि सुरी पुढे-मागे चालवावी. जोर पोळी लाटताना लागतो त्याहूनही कमी असावा. मुठीपासून टोकाकडे थोडे थोडे सरकत जावे, आणि टोकाशी गोलाई येते तिथे मूठ किंचित उचलावी, नाहीतर टोक कायम बोथट राहते.

आता सगळ्यांत महत्त्वाची खूण. एका बाजूने पुरेसे घासले गेले की पोलादाची अतिबारीक कड पलीकडच्या अंगाला वळते. कारखान्यातले फिटर तिला बर म्हणतात. अंगठ्याचे पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणून बाहेर काढावे, धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये. कड वळली असेल तर तिथे कापडाचा धागा अडकावा तशी बारीक खरखर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलू नये. बहुतेकांची सुरी दगडावरून उठूनही बोथट राहते ती याच ठिकाणी घाई केल्यामुळे: दोन्ही बाजूंना मोजून वीस-वीस हात मारले जातात, पण धारेच्या रेघेपर्यंत दगड पोचलेलाच नसतो. दगड कोणताही असो, ही खूण बदलत नाही, आणि खूण ओळखणारा माणूस साध्या दगडावरही उत्तम धार काढतो.

दुसऱ्या बाजूलाही कड वळली की हात हलका करत जावे. पाच, तीन, दोन, मग एकेक आलटून पालटून, आणि शेवटचे हात नुसत्या सुरीच्या वजनाने. उरलेली कड जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, आठ-दहा वेळा ओढली की सुटते. पट्टा नसेल तर घडी केलेले वर्तमानपत्र चालते. मग पिकलेला टोमॅटो घ्यावा आणि पाते न दाबता, नुसते ओढून पाहावे.

विळीची पद्धत उलटी आहे. तिथे पाते जागेवर राहते आणि दगड फिरतो. पाट भिंतीला टेकवून पक्का करावा, अर्धा हात लांबीचा नव्हे तर तळहातात मावेल असा कार्बोरंडमचा तुकडा घ्यावा आणि पात्याच्या उतारावर लहान गोल फिरवत मुळापासून शेंड्याकडे जावे. बोटे दगडाच्या वरच्या अर्ध्या भागावरच असावीत. खालच्या कडेच्या बाहेर आलेले बोट विळी क्षमा करत नाही. विळीचे पाते साध्या पोलादाचे असल्याने धार पटकन लागते आणि गंजही पटकन चढतो. काम झाल्यावर पुसून, कोरडे करून तेलाचे बोट फिरवावे. द्राक्षबागेच्या छाटणीच्या कात्र्या मात्र या दगडांवर आणू नयेत. त्यांचा कोन निराळा असतो, त्यांना डायमंडची छोटी कानस बरी.

दगड सपाट ठेवणे

वखार भागातला सुतार किंवा मिरजेचा सतार-तंबोरा घडवणारा कारागीर यांची पटाशी आणि रंध्याचे पाते यांना अगदी सपाट दगड लागतो, कारण त्यांची धार सरळ असते. सुरीची धार गोलाईची असल्याने थोडा खळगा ती सोसून घेते, पण खळगा वाढला की कोन जागोजागी बदलू लागतो. वॉटरस्टोन दर तीन-चार वापरांनंतर सपाट करावा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवावा, दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा माराव्यात आणि दगड कागदावर गोल फिरवावा. मधल्या रेघा सर्वांत शेवटी पुसल्या जातात; त्या गेल्या की दगड सपाट झाला. कडांचा टोकदारपणाही त्याच कागदावर हलकेच मोडावा, म्हणजे पाते अडकत नाही. हे काम करण्याची तयारी नसेल तर वॉटरस्टोन घेऊच नये. ६०० नंबरच्या आसपासची डायमंड प्लेट घ्यावी आणि तिच्यावर हलक्या हाताने समाधान मानावे. आमच्या घरी आता विळीसाठी आणि खाचांसाठी कार्बोरंडमचा जुना दगड आहे आणि रोजच्या सुऱ्यांसाठी १००० चा वॉटरस्टोन. दोनांत सगळे भागते.

वापरून झाल्यावर वॉटरस्टोन स्वच्छ पाण्याने धुऊन, उभा करून, सावलीत वाऱ्यावर ठेवावा. एप्रिल-मेच्या उन्हात ओला दगड गच्चीवर ठेवला तर त्याला बारीक तडे जातात. पावसाळ्यात तो दोन दिवसही आतून ओला राहतो, आणि तसाच प्लास्टिकच्या डब्यात बंद केला तर बुरशी धरतो. त्या दिवसांत तो खोक्यात न ठेवता लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उघडा ठेवावा.